अवघड जागा

पोतीच्या बंदरात माझी क्रेन एकतीस मीटर उंच.
तेवीस वर्षं मी तिच्या डोक्यात बसून आहे,
काचेच्या खुराड्यात, पायांखालीसुद्धा काच.
बसून बसून वाढलं, सर्जन म्हणाला,
आणि जे कापायचं ते कापलं.

कामावर मी सांगितलं: कंबर.
शेजारणीला: कंबर.
चर्चच्या पायरीवर गुलनाराने विचारलं, तिलाही कंबरच.
एवढ्या कंबरा एका बाईला नसतात.

पण गोळ्या आणायच्या कुठून?
आमच्या वस्तीत औषधांचं दुकान एक,
आणि काउंटरमागे मालखाज.
अवघड जागेचं दुखणं आणि जावई औषधवाला.
ही म्हण ज्याने केली
त्याने माझं घर पाहिलं असणार.

मी चिठ्ठी पालथी घालून सरकवली.
त्याने उलटली, वाचली,
चेहरा असा ठेवला की जणू खोकल्याचं औषध मागितलंय.
"अल्सर होता कधी? किडनीचं काही?
रक्त पातळ करायच्या गोळ्या?"
नाही. नाही. नाही.
मग पाकिटावर निळ्या पेनने तीन घड्याळं काढली,
सात, तीन, अकरा,
आणि प्रत्येक घड्याळाखाली एक वाडगा.
म्हणजे उपाशीपोटी नाही.
"आणि दुखायची वाट बघू नका, आई.
दुखण्याच्या आधी पोचायचं."

मला हसू आलं. (हसणंही तिथेच दुखतं.)
हे तो मला सांगतोय!
वीस टनांचा खोका खाली सोडताना
मी काय तो आपटल्यावर ब्रेक लावते?

दोन दिवस मी गुणाची पोर.
मक्याची घोमी, तिच्यात खुपसलेलं चीज, मग गोळी, मग पाणी.
कोमट पाण्याचा टब, जो एरवी काकड्या खारवायचा.
(आता तो काकड्यांना परत मिळणार नाही.)
दुखणं होतं,
पण शेजारच्या रेडिओसारखं, भिंतीपलीकडे,
शब्द न कळणारं.

तिसऱ्या रात्री वाटलं, बास झाली नाटकं.
माझ्या आईने सात बाळंतपणं काढली, गोळी न बघता.
अकराची मी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली
आणि दिवा मालवला.

चारला भिंत नव्हती.
रेडिओ माझ्या आत होता.
आणि सकाळी व्हायचं ते तेव्हाच व्हायला निघालं.
लोक म्हणतात, काचेचे तुकडे.
लोक कमी सांगतात.

फोन खातुनाने नाही, त्यानेच उचलला.
दहा मिनिटांत दारात, पायात माझ्या लेकीच्या सपाता,
टाचा बाहेर.
काही विचारलं नाही.
उरलेली घोमी गरम केली,
चार घास पोटात जाईपर्यंत
गोळी मुठीत धरून ठेवली.
मी ओट्याला टेकून उभी.
आमच्या मध्ये खुर्ची, रिकामी.
तो बसला नाही.

"आता?"
"आहे तसंच."
खिडकीवर थोडं धुकं.
"आता?"
"आहे. पण आवाज कमी."

लग्नाच्या वेळी मीच म्हणाले होते,
दिवसभर गोळ्या मोजणारा हा,
याला कुठलं वजन पेलणार.
त्याच्या कानावर गेलं होतं ते. मला माहीत आहे.

तेवढ्यात बंदरातून धाडकन आवाज आला.
माझ्या जागेवर रात्रपाळीला उशांगी असतो,
खोका टेकवत नाही, टाकतो.
"ब्रेक उशिरा लावला," मी म्हणाले.

मालखाजने घड्याळ पाहिलं,
मग माझ्याकडे नाही, खुर्चीकडे.
"सातची आता नाही," तो म्हणाला,
"ही साडेचारची धरा. पुढची साडेबाराला."
पाकिटावरची जुनी घड्याळं त्याने खोडली,
शेजारच्या कोऱ्या जागेत नवी काढली,
आणि पेन खिशात घालता घालता थांबून
त्यांच्याखाली वाडगे.